गोल्डफिशचं पोट फुगलंय? औषधाआधी हे बघा

आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण गेल्या काही दिवसांत तीन-चार जणांनी व्हॉइस नोट पाठवून हेच विचारलंय. "दादा, माझा गोल्डफिश फुगलाय, उलटा तरंगतोय. दुकानदार म्हणतो, हे निळं औषध टाक. टाकू का?"

थोडक्यात उत्तर: थांबा. आधी मासा बघा, मग पाणी तपासा आणि औषधाचं सगळ्यात शेवटी ठरवा.

मी कामाने सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग बघतो. घाबरून एकदम पाच गोष्टी बदलल्या, तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. माशाचंही तसंच आहे. पोट फुगणं हे फक्त लक्षण आहे, त्यामागची कारणं बरीच असतात.

तर पहिली पायरी. मोबाइल घ्या आणि माशाचा वरून एक फोटो काढा. बाजूने नाही, वरून. आता फोटो झूम करून खवले बघा. अंगाला नीट चिकटलेले आहेत, की सीताफळाच्या सालीसारखे बाहेर उभे राहिलेत? सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे.

खवले सपाट आहेत, पोट दोन्ही बाजूंनी सारखं गोल आहे, मासा तरंगतोय किंवा तिरका होतोय, पण खायला मागतोय? मग बहुतेक वेळा पोट साफ न होण्याचा किंवा हवेच्या पिशवीचा त्रास असतो. गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्यात ओरांडा, र्‍युकिन, रांचू हे गोलमटोल प्रकार माणसाने निवडून निवडून तसे बनवलेत. लांब शरीराच्या माशाचे अवयव एवढ्याशा गोळ्यात कोंबलेले. आतडं जरा फुगलं की हवेच्या पिशवीवर दाब येतो आणि तोल जातो.

माझ्याकडे लाडू नावाचा ओरांडा आहे. त्याला हा त्रास अधूनमधून होतो. तेव्हा मी दोन ते तीन दिवस त्याचं खाणं पूर्ण बंद करतो. घरचे म्हणतात, "अरे, उपाशी मारशील त्याला!" पण मोठ्या गोल्डफिशला दोन-तीन दिवसांचा उपास सहज झेपतो. त्यानंतर मटाराचा एक दाणा उकडायचा, साल काढायची, बोटाने चेपून बारीक तुकडे द्यायचे. तरंगणारं खाणं बंद करून बुडणारं चालू करायचं. वर येऊन खाताना मासा हवा गिळतो, ते तरी टळतं.

एवढ्याने फरक नाही पडला तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मेडिकलमध्ये मिळतं. बिनवासाचं घ्या. जेवणातलं मीठ वेगळं, हे वेगळं. 20 लिटर पाण्याला पाव छोटा चमचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू टाकायचं. पाणी बदललं की जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याच्या हिशोबाने परत टाकायचं, सगळ्या टाकीचा डोस पुन्हा नाही.

पोट एकाच बाजूने फुगलं असेल तर मादी अंड्यांनी भरलेली असू शकते किंवा आत गाठ असू शकते. तिथे मटार काही करत नाही.

आता अवघड भाग. खवले उभे राहिलेत, डोळे बाहेर आलेत, मासा तळाशी बसून आहे. याला ड्रॉप्सी म्हणतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात सतत बाहेरचं पाणी शिरत असतं आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर टाकत असतं. मूत्रपिंड थकलं की पाणी आतच साठतं. त्यामागे बऱ्याचदा बॅक्टेरियाचा संसर्ग असतो. लाडूच्या आधी माझ्याकडे जिलेबी होती. तिचे खवले उभे राहिले, वेगळ्या टबात एप्सम सॉल्ट, रोज स्वच्छ पाणी, सगळं केलं. आठव्या दिवशी ती गेली. खोटी आशा मी देणार नाही. खवले उभे राहिल्यावर वाचणारे मासे थोडेच असतात. लवकर पकडलं तर प्रयत्न जरूर करावा, पण माणसांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. माशांचे आजार जाणणारा पशुवैद्य शोधा. आपल्याकडे वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, रत्नागिरी, उदगीर, नागपूरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. तिथे फोन करून विचारायला काय हरकत आहे?

आता दुसरी पायरी, पाणी. खवले सपाट असोत वा उभे, हे करायचंच. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, तरी त्यात विष असू शकतं. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नवीन टाकीत ही फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 च्या खाली. पहिल्या दोनपैकी काहीही शून्याच्या वर दिसलं, तर तुमचं औषध आहे पाणी बदलणं: रोज पाव ते एक तृतीयांश, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. आणि ते निळं औषध? मिथिलीन ब्लू. ते मुख्यतः बुरशीसाठी असतं, आणि मुख्य टाकीत ओतलं तर याच बॅक्टेरियाच्या फौजेला मारतं. म्हणजे आजारी माशाच्या पाण्यात अमोनिया आणखी वाढणार.

आणि हो, काचेचा गोल बाऊल विसरा. एका गोल्डफिशला निदान 70-80 लिटर आणि फिल्टर हवा. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश 1956 मध्ये जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो 1999 पर्यंत जगला. 43 वर्षं! आपण मात्र "गोल्डफिश काय, दोन महिनेच टिकतो" म्हणून मोकळे होतो.

शेवटचं. मासा वाचणार नाही असं दिसलं, तर जिवंत असताना टॉयलेटमध्ये फ्लश करू नका, फ्रीझरमध्ये ठेवू नका, आणि तलावात तर अजिबात सोडू नका. तिथल्या माशांना आजार लागतो आणि गोल्डफिश जगलाच तर तलावाची वाट लावतो. पशुवैद्याला विचारा. लवंगेच्या तेलाने शांतपणे झोपवता येतं, पण प्रमाण त्यांच्याकडूनच घ्या.

तर लक्षात ठेवा: वरून फोटो, पाण्याची टेस्ट, दोन दिवस उपास. हे तिन्ही करायला एकही बाटली लागत नाही. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, आणि सोबत माशाचा वरून काढलेला फोटो आणि टेस्टचे आकडे नक्की द्या. त्याशिवाय मीही अंदाजच करणार! चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी बदला.