गाडीची पुंगळी आणि आरसी बुकावरचं नाव



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "ताई, गाडीच्या पायपाशी आमचा काय संबंध? ते पोरांचं खूळ." पण गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो, कारणापुढे लिहिलेलं असतं 'गाडीचं काम'. खोदून विचारलं की कधी कधी कळतं, मुलाने जुनी स्विफ्ट नाहीतर पोलो घेतली आहे, आणि तिला 'हेडर आणि फुल एक्झॉस्ट' बसवायचं आहे. हे शब्द आपल्याला कळत नाहीत. न कळलेल्या गोष्टीला हो म्हणणंही चूक आणि नुसतं रागावून नाही म्हणणंही चूक. म्हणून आज ही वस्तू काय आहे ते आधी समजून घेऊ, मग पैशाचं बोलू.

आपल्यापैकी बऱ्याचजणींनी गुऱ्हाळ पाहिलं आहे. चुलाणाला धुराडं असतं. धुराडं नीट असलं की धूर वर ओढला जातो आणि जाळ चांगला लागतो. धुराडं कोंदलं की जाळ मरतो, डोळ्यांत पाणी येतं. गाडीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा जळते, तिथला जळका वायूही असाच बाहेर काढावा लागतो. इंजिनाला चार सिलिंडर असले तर चार तोंडांतून तो बाहेर पडतो. कंपनीच्या गाडीत ही चार तोंडं एका आखूड, जाड तुकड्यात एकत्र होतात. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो काढून त्या जागी चार वेगळ्या, लांब, शक्यतो सारख्या लांबीच्या नळ्या लावतात आणि पुढे त्या एकत्र जोडतात. हे झालं हेडर. एका नळीतून वायूचा झोत जोरात पुढे गेला की त्याच्या मागे ओढ तयार होते. ती ओढ दुसऱ्या सिलिंडरचा वायू बाहेर काढायला मदत करते. इंजिन चांगलं रिकामं झालं की नवी हवा जास्त आत येते आणि ताकद वाढते.

म्हणजे पोरगं अगदीच खोटं बोलत नाही. शर्यतीच्या गाड्यांना हेडर असतात ते याच कारणाने. चेन्नईजवळ आणि कोइमतूरला शर्यतीचे ट्रॅक आहेत, तिथे त्याचा उपयोग आहे. पण नळ्यांची लांबी आणि जाडी इंजिनाच्या ठरावीक वेगाला जुळवलेली असते. बहुतेक वेळा हा फायदा इंजिन खूप जोरात फिरवलं तरच मिळतो. आपल्या रस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली, मध्ये गतिरोधक, कडेला शेरडं. तिथे इंजिन तेवढं फिरतच नाही. उलट खालच्या वेगात, चढाला, गाडीची ओढ कमीसुद्धा होऊ शकते. साध्या १२०० सीसीच्या गाडीत मिळणारी जादा ताकद जाणवेल न जाणवेल इतकीच. जाणवतो तो आवाज. तेव्हा आपण पैसे बहुतेक करून आवाजाचे मोजत असतो, हे मनात धरून ठेवा.

आता त्या पायपात आणखी काय असतं ते पाहू. इंजिनाच्या जवळच एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मेकॅनिक त्याला नुसतं 'कॅट' म्हणतात. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे घातक वायू तिथून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कॅट लवकर तापावा म्हणून तो थेट मॅनिफोल्डला जोडूनच दिलेला असतो. अशा गाडीत हेडर बसवायचं म्हणजे कॅट काढून टाकायचा. पोराला हे मेकॅनिकने सांगितलेलं असेलच असं नाही. आणखी एक, काढलेला कॅट गॅरेजवर सोडून येऊ नका. त्यातल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगला भाव असतो.

कॅटच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर असतात. धुरात किती ऑक्सिजन उरला हे ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतात आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. सांधा नीट बसला नाही, बाहेरची हवा आत शिरली, की सेन्सर फसतो, पेट्रोल जास्त जातं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग 'रिमॅप करावं लागेल' म्हणून आणखी पैसे.

शेवटी मागचा मोठा डबा, सायलेन्सर. त्यात छिद्रांच्या नळ्या आणि कप्पे असतात, आवाजाच्या लाटा तिथे एकमेकींना मारतात. गावात ज्याला आपण 'पुंगळी काढलेली गाडी' म्हणतो, तिच्यातून हेच काढलेलं असतं.

मैत्रिणींनो, आवाजापेक्षा मला भीती वाटते ती गळतीची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पुढचा सांधा कच्चा राहिला, वेल्डिंग तडकलं, तर तो वायू गाडीच्या आत शिरू शकतो. थंडीत काचा बंद, मागे लेकरू झोपलेलं. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी येणं ही त्याची लक्षणं आहेत. प्रवासात सगळ्यांनाच एकदम असं व्हायला लागलं तर 'गाडी लागली' म्हणून सोडू नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा आणि दवाखाना गाठा.

आता कायदा. बाजारात येण्याआधी गाडीचं प्रत्येक मॉडेल सरकारने नेमलेल्या संस्थेत तपासलं जातं, धुरासाठी आणि आवाजासाठीही. अशा संस्थांपैकी एक आपल्या नगरलाच आहे: संरक्षण खात्याच्या डीआरडीओची व्हीआरडीई. पुण्याची एआरएआय ही दुसरी. कारला कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा आहे ७४ डेसिबल. बुलेटसारख्या १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबल. डेसिबलचा हिशेब आपल्या शेकड्यासारखा नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र धरतात. बाळंतीण, दम्याचा म्हातारा, दहावीचा अभ्यास करणारी पोरगी, यांच्यासाठीच हे नियम आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. आता असा बदल केला तर कलम १८२-ए प्रमाणे गाडीच्या मालकाला एकेका बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडून गाडी चालवली तर कलम १९० प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि चालवणाऱ्याचं लायसन तीन महिने अपात्र. ज्या पोराचं पोट ड्रायव्हिंगवर आहे, त्याचे तीन महिने गेले. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते, ते वेगळंच.

मी मघाशी 'मालकाला' म्हणाले, तो शब्द परत ऐका. गाडीचा मालक कोण? आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो. आपल्या भागात किती गाड्या बाईच्या नावावर आहेत! पोराला कर्ज मिळत नाही, नवऱ्याचं खातं थकलेलं, आईचा गटातला व्यवहार चोख, म्हणून कर्ज आईच्या नावाने आणि गाडीही आईच्या नावाने. स्टेअरिंगला तिने कधी हात लावलेला नाही, पण नोटीस येईल ती तिच्या नावावर. आणि गाडी चालवणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर कलम १९९-ए पालक आणि मालक दोघांनाही धरतं. त्यात २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आमच्या भागातल्या एका गटात असाच अर्ज आला होता, ३५,००० रुपयांचा. गाडी आईच्या नावावर. आम्ही मुलालाच बैठकीला बोलावलं. आधी तो लाजला, मग हेडर म्हणजे काय ते त्याने पाटीवर काढून दाखवलं, आणि खरं सांगते, छान समजावलं. मग बायकांनी त्याच पाटीवर हिशेब मांडला. दहा हप्ते, दरमहा ३,५०० मुद्दल, शेकडा दोन रुपयांनी उतरतं व्याज ३,८५०. म्हणजे ३८,८५०. त्याच्या आईची मजुरी दिवसाला किती, म्हणजे हे किती दिवसांचं खुरपण, हा प्रश्न एका म्हातारीने विचारला. उत्तर त्यानेच काढलं आणि गप्प बसला. अर्ज नामंजूर झाला. पण त्याच गटाने पुढे त्याला वेल्डिंगचं काम शिकायला लहान कर्ज दिलं. ज्याला नळीची लांबी आणि वाक कळतो, त्याच्या हातात हुन्नर आहे. ट्रॅक्टरचे, टेम्पोचे गंजलेले पाइप दुरुस्त करणारा चांगला माणूस प्रत्येक गावाला लागतो.

जुना सायलेन्सर खरोखर सडला असेल तर तो बदलायलाच हवा, त्यासाठी कर्ज द्यायलाही हरकत नाही. फक्त या गोष्टी बघा. कंपनीचा किंवा त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलाच भाग घ्या आणि बिल घ्या. काम गाडी थंड असताना करायचं. सांध्यातलं जुनं गॅस्केट परत वापरायचं नाही. पाइप रबरी लटकणीवर मोकळा राहिला पाहिजे, ब्रेकच्या नळीला, वायरीला टेकता कामा नये. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर सोडवायला सांगा. काम झालं की इंजिन थंड असताना सांध्यांना साबणाचं पाणी लावून गाडी सुरू करायची. बुडबुडे आले की गळती आहे.

आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या गाडीचं आरसी बुक सोबत आणा. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना त्यावरचं नाव वाचून दाखवा. 'गाडीचं काम' असा अर्ज आला तर सचिवाने तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: कोणता भाग, कुणाच्या नावाची गाडी, आणि काढलेल्या भागाचं काय होणार. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, अंगठाही देऊ नका. पोराला वाईट वाटलं तर वाटू द्या, पण त्याला बैठकीत बसवून त्याचं म्हणणं ऐका.

आज इतकंच. नमस्कार.