जुनी वही आणि नवे यंत्र
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त बारडोली येथे दिलेले भाषण)



आमचे आयुष्य कारखान्यांचे हिशेब वह्यांतून संगणकावर आणि जुन्या संगणकावरून नव्यावर नेण्यात गेले. तेव्हा आज बोलणार ते त्याविषयीच. विषय रुक्ष खरा. परंतु चुकीच्या नोंदीने काय अनर्थ होतो, हे बारडोलीइतके दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असणार?

१९२८ चा सत्याग्रह आपण अभिमानाने आठवतो. त्याच्या मुळाशी आकडेच होते. मुंबई सरकारने येथील सारा २२ टक्क्यांनी वाढविला, तो खंडाच्या कागदी आकड्यांच्या आधारावर. ते आकडे गावात जाऊन नीट पारखलेले नव्हते. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली तालुका अढळ राहिला, चौकशी नेमावी लागली, आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल हे अधिकारी गावोगाव हिंडले. १९२९ साली त्यांनी सुचविलेली वाढ सुमारे ६ टक्केच होती!

पुढे १९५५ साली येथे सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. असा कोणताही कारखाना वाढू लागला की नोंदीही वाढतात: सभासदांचे भाग, उसाची लागण, तोडीची पाळी, काट्यावरचे वजन, बिलाचे हप्ते. पुष्कळ ठिकाणी हे काम फॉक्सप्रोवर चाले. त्याने इमानाने चाकरी केली; पण जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला आधार देणे बंद केले. लिहून देणारा निवृत्त, दुरुस्त करणारा मिळेना, यंत्र मोडले तर सुटा भाग नाही. अशा वेळी बदल हा हौसेचा नव्हे, गरजेचा विषय होतो.

आता आमच्याच चुकीची हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे एका गावात एकाच नावाचे तीन सभासद होते. जुना कारकून वहीच्या कडेला पेन्सिलीने खूण करून त्यांना वेगळे ओळखी. आम्ही वहीतले सारे यंत्रात घातले, पेन्सिलीच्या खुणा मात्र घातल्या नाहीत. नव्या यंत्रात त्यांना जागाच नव्हती. परिणामी एका विधवा बाईच्या उसाचा हप्ता तिच्या दिराच्या खात्यावर गेला. चूक उमगेपर्यंत तिची लागणीची वेळ निघून गेली होती. यंत्राने एका क्षणात केलेली चूक निस्तरण्यास आम्हांला तीन महिने लागले. त्या कारकुनास आम्ही एकदाही विचारले नव्हते, याची लाज अजून वाटते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला आपल्या खानदेशातून, धुळे-नंदुरबारकडून, हजारो माणसे येतात. त्यांना मिळालेली उचल, तोडलेला ऊस आणि कापलेले पैसे मुकादमाच्या नावे मांडले जातात. जुन्या वहीत मजुराच्या नावाचा रकानाच नसेल, तर नवे यंत्रही त्याला ओळखणार नाही. नवी पद्धत आखताना तो रकाना घालणे अगदी सोपे असते. मागाहून घालणे फार कठीण.

म्हणून कारखानदार मंडळींस आमचे सांगणे थोडे आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी जुन्या नोंदी गावात नेऊन मोठ्याने वाचाव्या. ज्याचे नाव त्याने ऐकावे. जुन्या कारकुनास पहिल्या दिवसापासून शेजारी बसवावे. एक संपूर्ण हंगाम जुनी व नवी पद्धत जोडीने चालवावी आणि दोन्हींचे आकडे जुळल्यावाचून जुनी बंद करू नये. यात खर्च आहे, वेळ आहे. पण त्या बाईने जे सोसले त्यापुढे तो काहीच नाही.

आपल्या संस्थेच्या दप्तरातही देणगीदारांची आणि विद्यार्थ्यांची नावे साठली आहेत. ती यंत्रात घालण्याचा दिवस येईल, तेव्हा त्या प्रत्येक नावामागे एक माणूस आहे, एवढे स्मरावे. संस्थेस दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.