वैद्यकीय दाव्यांचा वकील आणि आपले रुग्णालय
(वार्षिक सभेतील भाषण)



धर्मादाय रुग्णालयाच्या सभेत वकिलाचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. कागदाचे मोल आम्ही जाणतो, आणि या वकिलाचे निम्मे काम कागदांचेच असते.

महाराष्ट्रातील एक जुना निवाडा या विषयात आजही आधारभूत मानला जातो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास पुण्यास आणले. तेथे पूर्ण भूल न देता बळाने हाड बसविण्यात आले आणि त्याच दिवशी तो दगावला. पिता स्वतः डॉक्टर होते, तरी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९६८ साल उजाडले. भरपाई ३,००० रुपये. परंतु रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही बाबतींत डॉक्टरांनी वाजवी दक्षता घेतलीच पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले.

वकिलाने तपासावयाचे ते हेच. मृत्यू झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे नव्हे. केसपेपर वाचून, दुसऱ्या जाणकार डॉक्टरांचे मत घेऊन, दाव्यात तथ्य नसल्यास शोकाकुल कुटुंबास तसे स्पष्ट सांगणे हे त्याचे सर्वांत अवघड कर्तव्य होय. ग्राहक आयोगाकडील तक्रारीची मुदत सामान्यतः दोन वर्षांची. तिची जाणीव त्यानेच करून द्यावयाची. भरपाईत हिस्सा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, हेही कुटुंबांनी ध्यानी ठेवावे.

देणगीदारांनी एक निर्णय विशेषत्वाने जाणून घ्यावा. जेथे काही रुग्ण पैसे भरतात, तेथे मोफत उपचार घेणाऱ्यासही ग्राहकाचे हक्क मिळतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. मोझरी परिसरातील कास्तकार आमच्याकडे विनामूल्य उपचार घेतो, म्हणून अमरावतीच्या आयोगाचे दार त्यास बंद होत नाही, होऊही नये.

२००२ च्या नियमांनुसार रुग्णाने अगर त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात. आमच्या अभिलेख कक्षातील कपाटे आता अपुरी पडत आहेत. यंत्रसामग्रीस देणगी देणारे पुष्कळ भेटतात, कपाटास क्वचितच. यंदा दोन लोखंडी कपाटांसाठी कोणी पुढे यावे, अशी आमची विनंती आहे.