शंकासुराचा मुखवटा



बेळगावाहून निघून आंबोलीचा घाट उतरला, की सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले हा दशावताराचा मुलूख लागतो. गावोगावच्या जत्रांतून हे नाटक रात्रभर चालते व पहाटे दहीकाल्याने संपते. वालावलकर, खानोलकर, मोचेमाडकर, आरोलकर ही मंडळे तिकडे घरोघरी ठाऊक आहेत. देवळापुढील मोकळी जागा ही रंगभूमी, एक लाकडी बाक हे सिंहासन. पाठ केलेली संहिता नसते. नट आपले भाषण ऐनवेळी रचतात.

मुख्य आख्यानात नट चेहरे रंगवून येतात. मुखवट्याचा महिमा दिसतो तो पूर्वरंगात, म्हणजे ‘आड-दशावतारा’त. सोंडेचा मुखवटा लावून गणपती येतो. मागाहून येतो शंकासुर. त्याचा वेष काळा, मुखवटा काळा, आणि लाल जीभ बाहेर लोंबणारी. हा वेद चोरणारा दैत्य. विष्णूच्या हातून त्याचा वध ठरलेलाच असतो. पण तोवर तो अस्सल मालवणीत बोलतो आणि भटजींपासून गावच्या मानकऱ्यांपर्यंत सर्वांची थट्टा करतो.

हीच रीत दूरच्या कोरियातही आढळते. तेथील ‘तालछुम’ या मुखवटानाट्याची नोंद युनेस्कोने २०२२ साली मानवी वारशाच्या यादीत केली. बोंगसान येथील खेळात मालत्तुगी नावाचा चाकर आपल्या उच्चकुलीन धन्यांना भर रिंगणात हास्यास्पद ठरवतो. धनी रागावले, की शब्द फिरवून तो निसटतो.

उघड्या तोंडाने जे बोलता येत नाही, ते मुखवट्याआडून बोलता येते. कारण ते बोल माणसाचे नसून सोंगाचे मानले जातात. शंकासुर शेवटी मरतो, मर्यादा राखली जाते. पण ऐकणाऱ्यांच्या कानी पडायचे ते पडून गेलेले असते.

आपल्या सीमाभागाला हे परके नाही. बेळगाव जिल्ह्यातील कुलगोड तम्मण्णांच्या कन्नड ‘श्रीकृष्ण पारिजाता’त मुखवटे नसतात; तरी विनोदाची मोकळीक तेथेही आहे. भाषा दोन असल्या तरी रसिकांचे हसू एकच असते.

आज वेळेच्या ओढीने आड-दशावतार आखूड होत चालला आहे. कोठे तो गाळलाही जातो. आख्यान त्यावाचून अडत नाही, हे खरे. परंतु पूर्वरंग गेला, की शंकासुर जातो. आणि त्याच्याबरोबर गावाला वर्षातून एकदा स्वतःला हसण्याची मिळणारी मुभाही जाते. जत्रेच्या व्यवस्थापकांनी ती तासाभराची जागा राखावी, एवढीच विनंती.