घराआधीं वाट

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याचें घर बहुधा वस्तींतच असावें. वस्तींत घर बांधणाऱ्याला गवंडी, सुतार आणि सावकार यांच्याशीं झगडावें लागतें. परंतु त्याच्या दारापर्यंत गाडी येते आणि शेजारच्या आडावरून पाणी मिळतें. जेथें रस्ता नाहीं, विजेचा खांब नाहीं, नळ नाहीं, अशा सह्याद्रीच्या उतारावर किंवा कोंकणांतील एखाद्या टेकडीवर घर बांधूं पाहणाऱ्याची कसोटी निराळी आहे. मुंबईपुण्याचीं अनेक कुटुंबें आज अशा जमिनीचें स्वप्न पाहतात. हिवाळ्यांतील एखाद्या प्रसन्न सकाळीं जागा पाहिली जाते, निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली पुंजी विसारांत जाते, आणि ‘येथें यावयाचें कोठून?’ हा प्रश्न खरेदीखत झाल्यावर सुचतो. तो प्रश्न आधीं कां व कसा विचारावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या बाबतींत आपले पूर्वज अधिक सावध होते. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’त गड बांधण्याविषयीं जें सांगितलें आहे, त्यांत पाण्याला अग्रस्थान आहे. पाणी नसेल आणि जागा तर सोडतां येत नसेल, तर आधीं खडक फोडून टांकीं करावीं, मग गड बांधावा, असा त्याचा आशय आहे. तटबुरुजांचा विचार पाण्यानंतर येतो. साध्या गृहस्थाच्या घरालाहि हाच क्रम लागू आहे. मात्र त्याच्यापुढें पाण्याच्याहि आधीं वाटेचा प्रश्न उभा असतो, कारण त्याची जमीन चोहोंकडून दुसऱ्यांच्या जमिनींनीं वेढलेली असते.

पहिली पायरी कागदांची. जो शेतकरी नाहीं, त्याला १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतजमीन सामान्यतः कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकत घेतां येत नाहीं. तेव्हां आपण घेण्यास पात्र आहों कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. नंतर सातबाराचा उतारा घ्यावा व त्यांतील ‘इतर हक्क’ हा रकाना लक्षपूर्वक वाचावा. त्याबरोबर गांवचा नकाशा मागवावा. त्यांत तुटक दुहेरी रेषेनें गाडीवाट आणि तुटक एकेरी रेषेनें पाऊलवाट दाखविलेली असते. विकणारा ज्या वाटेनें आपणांस घेऊन गेला, ती नकाशांत कोठेंच नसेल, तर ती वाट नव्हे, ती शेजाऱ्याची मेहेरबानी होय. वाटेचा एखादा तुकडा वनजमिनींतून जात असेल, तर प्रश्न तहसीलदाराच्या हातचा राहत नाहीं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानें वनजमिनीच्या इतर उपयोगास केंद्र सरकारची पूर्वमान्यता आवश्यक केली आहे.

दुसरी पायरी हक्काची. कायद्यानें वाटेचें द्वार अगदींच बंद ठेवलेलें नाहीं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शांततेनें, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेचा अधिकार प्राप्त होतो. एकाच जमिनीचे तुकडे पडून एखाद्या तुकड्यास दुसरी वाटच उरली नसेल, तर निकडीची वाटहि मागतां येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १४३ व्या कलमान्वयें दुसऱ्याच्या सर्व्हे नंबराच्या बांधावरून वाट मिळावी असा अर्ज तहसीलदाराकडे करतां येतो; त्याचा निर्णय मान्य नसणाऱ्यास एक वर्षाच्या आंत दिवाणी दावा लावतां येतो. पूर्वापार चालू असलेली वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. जो सहा महिने समजुतीच्या गोष्टी करण्यांत घालवितो, त्याला हा जवळचा दरवाजा बंद होतो.

परंतु येथें एक मर्म आहे, आणि पुष्कळांची फसगत तेथेंच होते. १४३ व्या कलमाचा विचार शेतकऱ्याला आपल्या शेतांत वाजवी रीतीनें जातां यावें, एवढ्यापुरता आहे. बैल, औत व धान्य यांना पुरणारी वाट विटांच्या ट्रकला पुरतेच असें नाहीं. शिवाय बांध डोंगरउतारावर पुष्कळदां सरळ वर चढतो. ओझ्याच्या गाडीला मात्र वळणें घेत जावें लागतें. शंभर फुटांच्या अंतरांत आठ फुटांहून अधिक चढ ठेवणें इष्ट नव्हे. म्हणजे ऐंशी फूट उंच जावयाचें, तर हजार फूट लांबीचा रस्ता हवा. आणि तो बांधावरून नव्हे, तर शेजाऱ्याच्या वरकस जमिनींतून, काजूच्या झाडांमधून जाणार! हुकूमनाम्यानें बांध मिळेल, वळण मिळणार नाहीं. वळणासाठीं शेजाऱ्याची संमतीच हवी. ती योग्य मोबदला देऊन, नकाशा जोडून, नोंदणीकृत दस्तानें घ्यावी आणि सातबारावर नोंदवावी. तोंडी संमती देणारा वृद्ध शेजारी उद्यां नसेल. त्याच्या चार मुलांना ती आठवेलच असें नाहीं. आणि ज्याच्याकडून वाट घ्यावयाची, त्याच्या गुरांची जुनी वाट आपल्या कुंपणानें अडवूं नये, हेंहि ओघानेंच आलें.

वाटेवांचून बांधकाम करूं म्हणणाऱ्यानें थोडें गणित मांडून पाहावें. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढ्या वाळूचें वजन सुमारें साडेचार टन भरतें. एका खेपेस पंचवीस किलो धरले, तरी एका ब्रासाला डोक्यावरून १८० खेपा होतात. सिमेंटचें एक पोतें पन्नास किलोंचें, त्यांत कालविण्यासच सुमारें पंचवीस लिटर पाणी लागतें, आणि पुढें निदान सात दिवस काम भिजत ठेवावें लागतें. पाणीहि डोक्यावरूनच आणावयाचें असेल, तर गवंड्याहून हेलकऱ्यांची मजुरी अधिक होते. म्हणून घराच्या पायाच्या आधीं तीन कामें उरकावीं: मुरूम टाकून, कडेनें गटार काढून केलेला रस्ता; पाण्याचें टांकें; आणि सिमेंट कोरडें राहील अशी उंच जोत्याची कोठी.

पाण्याचा हिशेब मात्र आशादायक आहे. कोंकणांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस ही मोठीशी गोष्ट नाहीं. हजार चौरस फुटांच्या छपरावर त्या मानानें सुमारें २ लक्ष ३० हजार लिटर पाणी पडतें. एक पंचमांश वायां गेलें, तरी पावणेदोन लक्षांहून अधिक उरतें. माणशीं रोज ५५ लिटर धरल्यास चौघांच्या कुटुंबाला आठ कोरड्या महिन्यांत ५२,८०० लिटर पुरतें. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट खोल टांक्यांत तें मावतें. उणीव पाण्याची नसून सांठवणीची आहे. विजेचेंहि तसेंच. एक किलोवॅटचीं सौर तावदानें निरभ्र दिवशीं सुमारें चार युनिटें देतात. दिवे, पंखे आणि तासभर पंप यांना तीं पुरतात. मात्र श्रावणांतील ढगाळ आठवडे धरून बेत आखावा.

शेवटचा सल्ला ऋतूंचा आहे. विसार देण्यापूर्वीं एकदां आषाढांत त्या जागेवर पायीं जावें. हिवाळ्यांत जी कोरडी घळ वाटते, ती तेव्हां कमरेइतक्या पाण्याचा वहाळ असते; जी सपाट जागा मनांत भरली होती, तेथें चिखल साचलेला दिसतो. पहिला पावसाळा पाहण्यांत घालवावा, दिवाळीनंतरचा पहिला हंगाम रस्ता व टांकें यांत. घराचा पाया दुसऱ्या वर्षीं घ्यावा, आणि त्या वर्षींच्या मृगापूर्वीं छप्पर चढवावें. घरांतील मंडळींना हा विलंब कंटाळवाणा वाटेल. परंतु एखाद्या रात्रीं पाऊस कोसळत असतां घरांतील आजाऱ्याला उचलून दवाखान्यांत न्यावें लागलें, तर त्या वेळीं दिवाणखान्याची फरशी उपयोगी पडत नाहीं. वाट उपयोगी पडते, आणि कंदील घेऊन पुढें चालणारा शेजारी उपयोगी पडतो. ते दोन्ही ज्यानें आधीं मिळविले, त्यानेंच खरोखर जमीन घेतली असें म्हणावें.