बंदरे की महासागर?

धुळ्याच्या माणसाने समुद्रप्रवासावर बोलावे हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांस हसू आले असेल, आणि ते वावगेही नाही. आमच्या खानदेशात कापूस आहे, केळी आहेत, वैशाखातले ऊन तर मागेल त्याला वाटून उरावे इतके आहे. पण समुद्र नाही. तो पाहावयाचा तर जळगावच्या माणसास आगगाडीने सुमारे तीनशे किलोमीटर सुरतेपर्यंत जावे लागते. तथापि समुद्राशी आमचे काहीच नाते नाही, असेही म्हणता येत नाही. धुळ्याची पांझरा मुडावदजवळ तापीस मिळते, आणि तापी सुरतेवरून अरबी समुद्रास. म्हणजे आमच्या गावचे पाणी समुद्रापर्यंत जाते. माणसेच तेवढी मागे राहतात.

मी व्यवसायाने भूगोलाचा शिक्षक. चौतीस वर्षे फळ्याशेजारी जगाचा नकाशा टांगून मुलांकडून बंदरांची नावे पाठ करून घेतली. त्यांतले एकही बंदर मी स्वतः पाहिलेले नव्हते. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात तशी संधी आली. आमचा मुलगा लंडनला असतो आणि मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला. दोघांकडेही जावयाचे ठरले होते. मुलाने आमच्यापुढे दोन पत्रके ठेवली. एक भूमध्य समुद्रातील सफरीचे होते : दहा दिवस आणि आठ बंदरे, मुलीकडे नंतर विमानाने जावयाचे. दुसऱ्यात इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथे आगबोटीत बसावे आणि सात रात्रींनी न्यूयॉर्कला उतरावे, एवढेच होते. मधे एकही बंदर नाही. पैसा एकाच सफरीपुरता होता. "दोहोंपैकी एक निवडा," असे म्हणून मुलगा मोकळा झाला.

मला तर निवडण्यासारखे काही दिसेचना. एकीकडे बार्सिलोना, नेपल्स, अथेन्स. दुसरीकडे केवळ पाणी! त्याच भाड्यात आठ गावे मिळत असताना एकही न घेणारा मनुष्य व्यवहारशून्यच म्हणावा लागेल. बंदरांच्या सफरीचे खरे गुण मी आजही नाकारीत नाही. पेटी एकदाच उघडावयाची. रात्री आपण झोपलेले असताना बिछान्यासह आपला मुक्काम पुढच्या गावी जातो. किनारा सहसा फार दूर नसतो, त्यामुळे दुखणेखुपणे आले तर इस्पितळाचा आधार लवकर मिळू शकतो. समुद्र लागण्याचा त्रासही तेथे बहुधा कमी होतो.

परंतु मी शिक्षक. पत्रक वाचून समाधान होईना, म्हणून नकाशा आणि वेळापत्रक घेऊन बसलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पत्रकात ज्यास 'रोम' म्हटले होते ते बंदर वास्तविक सिव्हिताव्हेक्किया होय, आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आत आहे. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. तेथूनही तितकेच, किंबहुना थोडे अधिक अंतर. बोट सकाळी सातला लागते आणि संध्याकाळी सातला सुटते, असे धरू. उतरणाऱ्यांची रांग, जाण्यायेण्याचे तीन-चार तास, आणि सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास तरी परत हजर राहण्याचा दंडक, हे सारे वजा केले की रोमच्या वाट्यास जेमतेम सहा तास येतात. आपल्या हिंडण्याची व्यवस्था आपण स्वतः केली असेल आणि परतीस उशीर झाला, तर बोट आपल्यासाठी थांबत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

सांतोरिनी या ग्रीक बेटावर तर मोठी आगबोट धक्क्यास लागतच नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना लहान होड्यांतून नेतात. कोकणच्या आगबोटींच्या काळात हर्णैसारख्या ठिकाणी लोक पडावात उतरत, तोच हा प्रकार. होडीतून उतरल्यावर गाव राहते कड्याच्या माथ्यावर. वर जाण्यास तारेवरचा पाळणा आहे, खेचरे आहेत, नाहीतर सुमारे सहाशे पायऱ्या.

हा सारा हिशेब मी मोठ्या उत्साहाने घरात वाचून दाखविला. माझ्या पत्नीने तो शांतपणे ऐकून घेतला. ती जळगावकडची, बोलणे मोजके. तिचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षे दुखतात. काठीवाचून सपाट रस्त्यावरही तिला फार चालवत नाही. ती म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून आपण सुरतेच्या पॅसेंजरने किती वेळा गेलो असू? प्रत्येक स्टेशनावर तुम्ही उतरायचे. कुठे पाणी, कुठे चहा, कुठे नुसते पाय मोकळे करायला. आणि बोचकी सांभाळत खिडकीशी मी बसायची. गाडी सुटली तरी तुमचा पत्ता नसायचा, आणि माझा जीव टांगणीला. ही तुमची आठ बंदरे म्हणजे आठ स्टेशनेच की! तुम्ही रोम पाहून याल आणि मला सांगाल. मी बोटीवर बसेन."

श्रोते हो, मी निरुत्तर झालो. पाय दुखणाऱ्या माणसासाठी गाड्या असतात, चाकांच्या खुर्च्या असतात, हे सारे मी बोलून पाहिले. परंतु माझ्याच वेळापत्रकात तिच्यासाठी कोठे जागा होती? ज्या सफरीचा अर्थ उतरण्यात आहे, तीत न उतरू शकणारा मनुष्य दररोज सकाळी मागे राहतो. महासागर ओलांडणाऱ्या बोटीवर मात्र कोणीच उतरत नाही. तेथे धडधाकट आणि गुडघेदुखीचा, दोघांचीही योग्यता सारखी.

तरीही बंदर वगळले म्हणजे प्रवासातून नेमके काय वगळले जाते, हा प्रश्न मला पडलाच. त्याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावरील एका उदाहरणात सापडले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची शिडाची नौका बांधण्यात आली. तीत बसून आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व दक्षिण आफ्रिका अशा चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईसच आले. या पाच महिन्यांत त्यांनी एकाही बंदरास नौका लावली नाही. नौका तीच आणि महासागरही तेच. पण थांबणाऱ्यास पुढच्या मुक्कामापर्यंतचा हिशेब करता येतो. न थांबणाऱ्यास अन्न, पाणी, दुरुस्तीचे सामान आणि मनाचे बळ, सारे पहिल्याच दिवशी बरोबर घ्यावे लागते. या दोन प्रवासांत लहानमोठेपणा ठरविण्याचे कारण नाही. त्यांची जातच वेगळी आहे, इतके मला पटले.

आम्ही महासागर निवडला. तेव्हा शेजारीपाजारी जी भीती घालू लागले ती अगदीच निराधार नव्हती. मध्यसमुद्रात प्रकृती बिघडली तर? बोटीवर डॉक्टर आणि छोटे इस्पितळ असते. पण मोठी शस्त्रक्रिया तेथे होत नाही, आणि किनारा दूर असेल तेथवर हेलिकॉप्टरही पोहोचत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी हृदयाची तपासणी करून घेतली, औषधे दुप्पट घेतली आणि विमा उतरविला. भीती तरीही थोडी उरलीच. त्या वेळी मला आनंदीबाई जोशी यांची आठवण होत असे. अठरा वर्षांची ती मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी पतीस मागे ठेवून कलकत्त्याहून आगबोटीने निघाली आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिन्यांचा तो प्रवास. पुढे तीन वर्षांत ती डॉक्टर झाली. तिच्यापुढे आमच्या सात रात्री त्या किती!

आमच्या बोटीचे नाव 'क्वीन मेरी २'. ही २००४ पासून चालू आहे. लांबी ३४५ मीटर. बंदरोबंदर हिंडणाऱ्या सफरी-बोटींहून हिची बांधणी निराळी आहे : पत्रा अधिक जाड, तळ अधिक खोल आणि वेग अधिक, कारण उत्तर अटलांटिकच्या लाटा सोसण्यासाठीच ती बांधली आहे. इतके असूनही दुसऱ्या दिवशी वारा वाढला आणि मी आडवा झालो. चौतीस वर्षे सागरी प्रवाह शिकविणारा मनुष्य उशीवरून डोके उचलू शकेना! पत्नीला काही म्हणजे काही झाले नाही. ती काठी घेऊन सपाट, लांबच लांब डेकवर एक फेरी घालून आली, येताना माझ्यासाठी सफरचंद आणि कोरडी बिस्किटे घेऊन आली, आणि बाहेर काय दिसले ते तिने मला सांगितले. इतक्या वर्षांत प्रथमच मी खोलीत बसलो होतो आणि हिंडून येऊन सांगणारी ती होती.

पश्चिमेकडे जाताना या प्रवासात एक नवल घडते. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पाच तासांचे अंतर आहे. विमानात ते एकदम अंगावर येते आणि पुढे चार दिवस झोपेचा नाश होतो. बोटीवर मात्र सातांपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात; म्हणजे ते पाच दिवस पंचवीस तासांचे होतात. पत्नीने याचे कारण विचारले. जेवणाच्या टेबलावरचे संत्रे उचलून मी तिला पृथ्वीचे फिरणे आणि तासाला पंधरा अंश रेखांशांचा हिशेब समजावून दिला. हा धडा मी हजारो मुलांना दिला असेन. घरात कधी दिला नव्हता, कारण तिने विचारावे आणि मी बसून सांगावे, एवढी उसंत आम्हां दोघांस एकाच वेळी कधी मिळालीच नव्हती. सारे ऐकून ती म्हणाली, "असे आहे तर! हा जास्तीचा तास मी कुठल्याच कामाला देणार नाही." आणि पाचही दिवस तिने तो शब्द पाळला. खुर्ची रेलिंगजवळ ओढून ती नुसती पाण्याकडे पाहत बसे.

चौथ्या-पाचव्या दिवशी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस दाट धुके आले. धुक्यात दर दोन मिनिटांच्या आत एकदा तरी बोटीने लांब भोंगा वाजवावा, असा नियम आहे. तो आवाज ऐकत आम्ही खूप उशिरापर्यंत जागे होतो. याच बाजूच्या समुद्रात १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, हे दोघांनाही ठाऊक होते. कोणी ते बोलून दाखविले नाही. तिने माझा हात धरला होता, एवढे आठवते. शेवटच्या दिवशी पहाटे व्हेराझानो पुलाखालून बोट गेली, आणि पुढे दिवे दिसू लागले. ती म्हणाली, "आले वाटते स्टेशन. या वेळी दोघे बरोबर उतरू."

आता श्रोते हो, यावरून मी सर्वांस महासागरच सुचवितो असे मात्र समजू नये. ज्यांचे पाय धड आहेत, ज्यांना थोडक्यात अनेक गावांची ओळख करून घ्यावयाची आहे, आणि रिकामा दिवस ज्यांस खावयास उठतो, त्यांनी खुशाल बंदरे घ्यावीत. मात्र मोजकी घ्यावीत, आणि गाव धक्क्यापासून किती दूर आहे ते पत्रकावर नव्हे तर नकाशावर पाहावे. युरोपातील बंदरांसाठी शेंगेन परवाना लागतो, आणि बोट मधेच तुर्कस्तानास जाऊन परतणार असेल तर एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा लागतो. महासागर घेणाऱ्यांनी दोन्ही तीरांचे परवाने आधी हाती घ्यावेत, हिवाळा टाळावा, आणि खोली बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्याची मागावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी लागतात. ज्यांना आपली प्रकृती कोणत्या जातीची हेच ठाऊक नाही, त्यांनी आधी दोन रात्रींची एखादी छोटी सफर करून पाहावी. मुंबईहून गोव्यापर्यंत अशा सफरी निघू लागल्या आहेत.

माझे स्वतःचे नुकसान झाले नाही, असेही नाही. अथेन्स मी पाहिलेले नाही, आणि आता या वयात पाहीन असे वाटत नाही. नकाशावर त्या ठिकाणी बोट गेले की अजूनही चुटपुट लागते. परंतु निवड करताना आपण बंदरे मोजतो, दिवस मोजतो, पैसे मोजतो; आपल्याबरोबर येणारे माणूस त्या वेळी कोठे असेल, हे मोजावयाचे राहून जाते. मी तेच विसरलो होतो. बरे झाले, की वेळीच मला त्याची आठवण करून देण्यात आली.

परत आल्यावर आम्ही दोघे एकदा पांझरेच्या पुलावर उभे होतो. पावसाळ्याचे दिवस; पात्र भरून वाहत होते. पत्नी म्हणाली, "हे पाणी चालले बघा. आता कुठे उतरायचे नाही त्याला."