जड मोटारींचा गिअर-नकाशा

गळिताचा हंगाम सुरू झाला कीं सांगली जिल्ह्यांतील कुंडलच्या साखर कारखान्याकडे ऊंस भरलेल्या मालमोटारींची व ट्रॅक्टरांची रीघ लागते. शहरांतील घरोघरीं जाणाऱ्या साखरेचा प्रवास असा शेतांतील भुसभुशीत मातींतून सुरू होतो. तेथून भरलेली गाडी रस्त्यावर आणणारा चालक डाव्या हातानें जो दांडा हालवितो, त्याच्या मुठीवर रेघा व आंकडे कोरलेले असतात. हाच गिअरचा नकाशा.

इंजिनाचा जोर दंतचक्रांच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचतो. लहान चक्रानें मोठें चक्र फिरविलें म्हणजे वेग घटतो व जोर वाढतो. साध्या मोटारींत पहिल्या गिअरचें हें प्रमाण बहुधा तीन-चार पट असतें. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें जड पिकअप गाड्यांसाठीं वापरलेल्या चार गिअरांच्या एका पेटींत तें ६.५५ होतें, म्हणजे चाकांकडे जाणारा दंड एकदां फिरावा म्हणून इंजिनाला साडेसहा फेरे घ्यावे लागत. असा गिअर चिखल, चढ व पूर्ण भार यांसाठींच असतो. रिकामी गाडी दुसऱ्या गिअरवर सुखानें निघते.

यामुळेंच नकाशाही बदलतो. नेहमींच्या मांडणींत पहिला गिअर डावीकडे वर व दुसरा त्याच्या खालीं असतो. कांहीं जड गाड्यांत मात्र पहिला डावीकडे खालीं, आणि त्याच्या वर मागें जाण्याचा गिअर असतो. पहिल्याचें काम क्वचित् पडतें; दुसरा व तिसरा वारंवार लागतात, म्हणून ते एका सरळ रेषेंत ठेवितात.

गाडी बदललेल्या चालकाचा हात जुन्या संवयीनें डावीकडे वर गेला, तर पुढें निघावयाची गाडी मागें येते. आणि कारखान्यापुढील रांगेंत मागें माणसें उभीं असतात. पुष्कळ पेट्यांत मागच्या गिअरला अटकाव ठेवलेला असतो. तथापि केवळ त्यावर विसंबून राहणें शहाणपणाचें नव्हे. नवी गाडी हातीं येतांच इंजिन बंद ठेवून, हात-ब्रेक ओढून व क्लच दाबून, प्रत्येक गिअरची जागा हातानें ओळखून घ्यावी.

उतारावर तर ही ओळख अधिकच मोलाची ठरते. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घातला म्हणजे इंजिनच गाडीला आवरतें. योग्य जागा न सांपडून दांडा मध्येंच न्यूट्रलमध्यें राहिला, तर साऱ्या उंसाचा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. मुठीवरील त्या चार रेघा निघण्यापूर्वीं वाचण्यास क्षणभरच पुरतो.